हेडमास्तरांचे पत्र आणि वकिलाची पत्रे

आमच्या शाळेच्या कचेरीत पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर एक मोठी काचेची चौकट दिसते. तीत कुणा पुढाऱ्याचे चित्र नाही, मजकूर आहे. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांस लिहिले म्हणून जे सांगितले जाते, ते पत्र. वसंत बापटांनी त्याला मराठी रूप दिले आणि ते महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. ज्याने या राज्यात चार वर्षे तरी शाळा पाहिली आहे, त्याला हे पत्र ठाऊक नाही असे सहसा व्हायचे नाही. शिक्षकदिनाला ते वाचतात, दहावीच्या निरोपसमारंभाला वाचतात, नव्या इमारतीच्या उद्घाटनालाही वाचतात. मी स्वतः ते निदान पंधरा वेळा मोठ्याने वाचले असेल. आणि खोटे कशाला सांगू, दोनदा वाचताना माझा आवाज भरून आला आहे.

दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी पत्रलेखन शिकवत होतो. पत्ता कुठे, तारीख कुठे, मायना कसा, शेवट कसा, हे सारे फळ्यावर लिहून झाले. तारीख विसरलात तर अर्धा गुण जाईल, अशी तंबीही देऊन झाली. तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, कचेरीतल्या लिंकनच्या पत्राला तारीख नाही. त्यांचा अर्धा गुण कापायचा का?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. तारीख शोधून काढावी आणि उद्या-परवा त्या मुलीला सांगावी, एवढाच माझा हेतू होता. त्या उद्या-परवाला दोन वर्षे लागली आणि त्यातून हा लेख निघाला.

मी मॅट्रिक. कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या असल्या तरी इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊनच वाचतो. लिंकनचे उपलब्ध असलेले बहुतेक सारे लेखन रॉय बासलर नावाच्या संपादकाने १९५३ साली आठ खंडांत प्रसिद्ध केले. हे खंड आज मिशिगन विद्यापीठाच्या कृपेने कोणालाही घरबसल्या, फुकट वाचता येतात. मी भीतभीतच सुरुवात केली. चार दिवसांतच लक्षात आले, की भिण्याचे कारण नाही. या माणसाचे इंग्रजी माझ्यासारख्या मॅट्रिक माणसासाठीच लिहिल्यासारखे आहे. शब्द छोटे, वाक्ये सरळ, आणि म्हणायचे ते म्हणून झाले की पत्र बंद. शब्दकोश हळूहळू मांडीवरून जमिनीवर आला.

मात्र हेडमास्तरांचे पत्र त्या आठ खंडांत नाही.

* * *

प्रथम वाटले, माझीच नजर चुकली असेल. म्हणून आणखी खोलात गेलो. लिंकनचा थोरला मुलगा रॉबर्ट याने बापाचे खासगी कागद जिवापाड जपले आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले. पण अट घातली, की माझ्या मृत्यूनंतर २१ वर्षे होईपर्यंत ते कोणी उघडायचे नाहीत. रॉबर्ट १९२६ साली वारला. २६ जुलै १९४७ रोजी ते कागद अभ्यासकांना खुले झाले. त्यांतूनही हे पत्र निघालेले नाही. मूळ पत्र, त्याची नक्कल, ज्यांना ते लिहिले त्या हेडमास्तरांचे नाव, यांतले काहीही आजवर कोणाला दाखवता आलेले नाही. ते लिंकनचे नव्हे, असेच मानणे भाग आहे.

यात बापटांकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे लिंकनच्या नावावर फिरत असलेला मजकूर होता आणि त्यांनी त्याला मराठीत अशी लय दिली, की तो पाठ करावासा वाटावा. मराठी पत्राचे यश हे त्या लयीचे यश आहे. मी त्याबद्दल त्यांचा ऋणी आहे आणि राहीन.

मी ही गोष्ट आमच्या मुख्याध्यापकांच्या कानावर घातली. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "अहो मास्तर, पत्र खोटं असेल, पण विचार तर खरे आहेत ना? मग कोणाचे का असेनात!"

हा प्रश्न सोपा नाही. बहुतेक वाचकांनाही तो रास्त वाटेल. विचार चांगला असला तर त्याच्या सहीकडे कशाला पाहावे? मी त्यावर बरेच दिवस विचार केला. मला जे सुचले ते असे. विचार आपल्या पायांवर उभा राहणार असेल, तर त्याला लिंकनच्या खांद्याची गरज काय? आपण ते नाव खाली लिहितो ते वजनासाठी. म्हणजे विचार कोणाचा का असेना, असे आपण तोंडाने म्हणतो. पण वजन मात्र लिंकनचे हवे असते. मी कादंबऱ्या लिहितो. पात्रांच्या तोंडी हवी ती वाक्ये घालण्याची मला सवय आहे. पण माझ्या पुस्तकाच्या कव्हरवर 'कादंबरी' असे स्पष्ट छापलेले असते.

याहून मोठे कारण वेगळे आहे. खोट्या पत्राने खऱ्या माणसाला झाकून टाकले. माझ्या शाळेतल्या शेकडो मुलांना लिंकन म्हणजे ते पत्र, एवढेच ठाऊक आहे. मलाही चाळिशी उलटेपर्यंत तेवढेच ठाऊक होते. आणि खरा माणूस असा निघाला, की त्याची ओळख आधी झाली असती तर माझ्या मास्तरकीचा पुष्कळ फायदा झाला असता.

* * *

हेडमास्तरांच्या पत्रात बाप गुरुजींना पुष्कळ काही शिकवायला सांगतो. जगात जेवढे म्हणून सद्गुण आहेत तेवढे बहुधा सगळे. शिक्षकाला ते वाचताना आधी बरे वाटते आणि नंतर छाती दडपते. आता प्रत्यक्ष लिंकन आपल्या शिक्षकांविषयी काय लिहितो ते पाहा.

डिसेंबर १८५९ मध्ये जेसी फेल या मित्राच्या आग्रहावरून त्याने आपली छोटी जीवनकथा लिहून दिली. सोबतच्या चिठ्ठीत त्याने म्हटले, की मजकूर थोडा आहे, कारण सांगण्यासारखा मीच फारसा नाही. केंटकीत १२ फेब्रुवारी १८०९ ला जन्म, सातव्या-आठव्या वर्षी इंडियानाच्या रानात स्थलांतर. तिथल्या शाळांबद्दल तो सांगतो, की मास्तराला वाचन, लेखन आणि त्रैराशिकापर्यंतचे गणित आले की झाले. त्यापलीकडे कोणी काही विचारत नसे. लॅटिन येते अशी ज्याची ख्याती, असा एखादा भटका त्या भागात आला तर लोक त्याला मांत्रिक समजत. स्वतःलाही मोठेपणी वाचणे, लिहिणे आणि त्रैराशिक, एवढेच येत होते, हे तो कबूल करतो. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आत्मवृत्तात तो हिशेब करून सांगतो, की सारे दिवस एकत्र केले तरी आपली शाळा एक वर्षाची भरणार नाही. १८५८ साली काँग्रेसच्या माजी सभासदांच्या माहितीपुस्तकासाठी त्याने शिक्षणाच्या जागी आपले शिक्षण सदोष असल्याची नोंद करून टाकली.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. मॅट्रिकपुढे न गेल्याची बोच ज्याला आहे, त्यालाच त्या नोंदीची किंमत कळेल. आपण अशा वेळी परिस्थितीची कहाणी सांगतो, कुणाला तरी दोष देतो, नाहीतर तो रकाना रिकामा ठेवतो. लिंकनने तो प्रामाणिकपणे भरला. आणि काँग्रेसचा सभासद होऊन गेल्यानंतर, चाळिशीच्या घरात, युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग स्वतः बसून पक्के केले. हेही तो फुशारकीने सांगत नाही. आपली गरज भागवण्याचा प्रयत्न, अशा सुरात सांगून मोकळा होतो.

बाकीचा जीवनक्रम इथे थोडक्यात पुरे. नऊ वर्षांचा असताना आई गेली. सावत्र आईने माया केली. पुढे इलिनॉयमध्ये दुकानदारी, टपालखाते, जमिनीची मोजणी असे मिळेल ते काम. १८३२ मध्ये विधिमंडळाची निवडणूक हरला, १८३४ मध्ये जिंकला. पुस्तके उसनी आणून कायदा वाचला, १८३६ मध्ये सनद मिळवली आणि १८३७ पासून स्प्रिंगफील्ड गावी वकिली थाटली. १८४७ ते १८४९ काँग्रेसमध्ये एक कारकीर्द. सिनेटची जागा १८५५ मध्ये हुकली आणि १८५८ मध्ये पुन्हा हुकली. नोव्हेंबर १८६० मध्ये तो अध्यक्ष म्हणून निवडून आला. पुढे चार वर्षांचे यादवी युद्ध, १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा, आणि १४ एप्रिल १८६५ च्या रात्री नाटकगृहात लागलेली गोळी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

* * *

त्या आठ खंडांत मला सर्वांत जवळची वाटली ती घरगुती आणि खासगी पत्रे. सावत्रभाऊ जॉन जॉन्स्टन याला १८४८ च्या डिसेंबरात लिहिलेले पत्र प्रत्येक घरात एकदा वाचावे असे आहे. जॉन्स्टनने ८० डॉलर उसने मागितले होते. लिंकन तेव्हा काँग्रेसमध्ये होता. त्याने नकार दिला. यापूर्वी मदत केली तेव्हा प्रत्येक वेळी तू आता भागेल म्हणालास आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तिथेच आलास, याचा अर्थ तुझ्या वागण्यातच काहीतरी खोट आहे, असे त्याने लिहिले. तू आळशी नाहीस, पण रिकामटेकडा आहेस. गेल्या भेटीपासून एक दिवस तरी दिवसभर काम केले असशील का, याची मला शंका आहे, असेही सुनावले. पण नुसते सुनावून तो थांबला नाही. १ मेपर्यंत तू स्वतःच्या कष्टाने जितके डॉलर मिळवशील, तितकेच मी वर घालीन, असा सौदा मांडला. महिना दहाची नोकरी धरलीस तर ते वीस होतील. जॉन्स्टनने म्हणे असे लिहिले होते, की सत्तर-ऐंशी डॉलरांसाठी मी स्वर्गातली जागाही जवळजवळ देऊन टाकीन. त्यावर लिंकनचा शेरा असा, की मग तू त्या जागेची किंमत फारच स्वस्त लावलीस. कारण माझ्या सौद्याने तेवढे पैसे चार-पाच महिन्यांच्या कामात मिळतील.

आपल्यापैकी कितीजणांना असा भाऊ, मेहुणा, पुतण्या नाही? आपण एकतर पैसे देऊन मनात कुढतो, नाहीतर बोलणेच टाकतो. वकिलाने तिसरी वाट काढली.

पण याच जॉन्स्टनला १२ जानेवारी १८५१ रोजी लिहिलेले दुसरे एक पत्र आहे, आणि तेही वाचलेच पाहिजे. वडील मरणपंथाला लागले होते. जॉन्स्टनची आधीची पत्रे येऊन पडली होती. लिंकनने उत्तर दिले नव्हते. शेवटी त्याने कामाची अडचण आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकोचे आजारपण सांगितले, वडिलांनी देवावर भरवसा ठेवावा असा निरोप दिला, आणि आपण दोघे आता भेटलो तर त्यात सुखापेक्षा दुःखच अधिक होईल की काय, असे लिहून टाकले. पाच दिवसांनी वडील वारले. लिंकन अंत्यविधीला गेला नाही. बापलेकांत काय होते याची चर्चा चरित्रकारांनी पुष्कळ केली आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की हेडमास्तरांच्या पत्रातल्या आदर्श बापाच्या नावाखाली हा मुलगाही उभा आहे. मुलांना तो दाखवायचा की नाही?

ज्या पत्रासाठी मी हा सारा खटाटोप केला असे मला आता वाटते, ते २२ जुलै १८६० चे आहे. रॉबर्टने आदल्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दिली होती आणि बहुतेक विषयांत नापास झाला होता. मग त्याला एक्झिटर गावच्या शाळेत वर्षभर घातले. त्याच्याबरोबर गावचाच एक मित्र होता, जॉर्ज लॅथम. पुढच्या उन्हाळ्यात रॉबर्ट पास झाला, जॉर्ज राहिला. लिंकनला हे मुलाच्या पत्रातून कळले. तेव्हा दोन महिन्यांपूर्वीच पक्षाने त्याला अध्यक्षपदाची उमेदवारी दिली होती. देश फुटतो की राहतो अशी वेळ होती. घरी माणसांची रीघ लागलेली. अशा धामधुमीत बातमी कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने त्या दुसऱ्याच्या मुलाला पत्र लिहायला घेतले.

पत्र लहान आहे. त्यात सांत्वनाचे गोड शब्द फारसे नाहीत. तुझ्या अपयशाइतके दुःख मला क्वचितच झाले असेल, असे म्हणून तो कामाला लागतो. तू प्रयत्न केला आहेस तर आता यश मिळवलेच पाहिजेस; यात 'च' महत्त्वाचा, असे तो बजावतो. मी तुला काय मदत करू हे मला समजत नाही. पण वयाने पिकलेला आणि कठीण अनुभव घेतलेला माणूस म्हणून एवढे सांगतो, की हरायचे नाही असे तू ठरवलेस तर हरणार नाहीस. त्यानंतर येतो खास वकिली सल्ला. विद्यापीठाचे अध्यक्ष भलेच गृहस्थ असणार. त्यांना जाऊन भेट, अडचण काय आहे ती त्यांच्याकडूनच समजून घे, वाट तेच दाखवतील. आणि शेवटी, आज सहज आत गेलेल्या पुष्कळांपेक्षा तू पुढे मोठा विद्वान, अधिक यशस्वी माणूस होणार नाहीस याला या तात्पुरत्या अपयशात कसलाही पुरावा नाही. पुरावा नाही, हे वकिलाचे शब्द. तुझ्याविरुद्धचा खटला सिद्ध होत नाही, असेच जणू तो त्या मुलाला सांगतो.

आता दोन्ही पत्रे शेजारी ठेवा. हेडमास्तरांच्या पत्रात मुलाला नाव नाही, गुरुजींना नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, अडचणही नाही. सद्गुणांची सुंदर यादी आहे, आणि ती पुरी करण्याचा सारा भार शिक्षकावर आहे. मुलाने काय करायचे ते त्यात जवळजवळ नाहीच. लॅथमच्या पत्रात एक मुलगा आहे, त्याची एक अडचण आहे, उद्या सकाळी उठून करायचे एक काम आहे, आणि भार त्याच्या स्वतःच्या खांद्यावर आहे. खऱ्या पत्राला पत्ता असतो. साहित्यातले खरे-खोटे पारखायला मला यापेक्षा चांगली खूण अजून सापडलेली नाही. आमच्या कादंबऱ्यांतसुद्धा, माझ्या धरून, जिथे लेखकाला माणूस दिसत नाही तिथे सद्गुणांची यादी सुरू होते.

आणखी दोन पत्रांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. डिसेंबर १८६२ मध्ये, फ्रेडरिक्सबर्गच्या भयंकर पराभवाला दहा दिवस होतात न होतात तोच, त्याने फॅनी मॅक्कलो या तरुण मुलीला लिहिले. तिचे वडील पूर्वी कोर्टात क्लार्क होते, वकिलीच्या फिरतीतले मित्र. ते लढाईत पडले होते. तुला आता वाटते आहे की पुन्हा कधी बरे वाटणारच नाही, पण हा समज चुकीचा आहे. तू पुन्हा नक्की सुखी होशील. मी अनुभवाने सांगतो. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याचा अकरा वर्षांचा विली गेला होता. पत्रात विलीचे नाव नाही.

दुसरे पत्र गेटिसबर्गच्या लढाईनंतरचे, १४ जुलै १८६३ चे. शत्रूचे सैन्य नदीपार निसटू दिले म्हणून सेनापती मीड याच्यावर त्याने मनातला संताप कागदावर उतरवला. मग घडी घातली, पाकिटात टाकले आणि वर नोंद केली, की सही केली नाही, पाठवलेही नाही. शाळेतल्या स्टाफरूममध्ये चौकट करून लावावी अशी ही नोंद आहे.

* * *

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मास्तरांनी एक देव्हारा मोडला आणि दुसरा उभारला. तसे होऊ नये म्हणून कोल्स परगण्याची गोष्ट सांगतो.

इलिनॉय राज्यातल्या या परगण्यात लिंकनचे वडील राहत. तिथेच, चार्ल्स्टन गावच्या कोर्टात, ऑक्टोबर १८४७ मध्ये एक खटला चालला. केंटकीचा रॉबर्ट मॅट्सन हा जमीनदार आपले गुलाम इलिनॉयमधल्या शेतावर राबायला आणी. इलिनॉयमध्ये गुलामगिरी नव्हती. जेन ब्रायंट ही बाई आपल्या चार मुलांसह त्याच्या तावडीतून निसटली आणि मॅट्सनने त्यांचा ताबा मागितला. मॅट्सनच्या वकिलांत अब्राहम लिंकन होता. याच लिंकनने १८४१ मध्ये नॅन्स नावाच्या मुलीच्या विक्रीवरून उद्भवलेल्या एका खटल्यात, इलिनॉयमध्ये माणूस स्वतंत्रच मानला पाहिजे असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला पटवून दिले होते. या वेळी तो उलट बाजूला उभा राहिला. तो हरला, आणि जेन व तिची मुले सुटली.

याच चार्ल्स्टनमध्ये १८ सप्टेंबर १८५८ रोजी, डग्लसबरोबरच्या सात प्रसिद्ध वादांपैकी चौथ्यात, त्याने हजारो लोकांसमोर सांगितले, की गोऱ्या आणि काळ्या लोकांत सामाजिक व राजकीय समता आणावी असे माझे मत नाही. ही दोन्ही पाने पुसता येत नाहीत. पण ११ एप्रिल १८६५ च्या त्याच्या अखेरच्या भाषणाचे पानही पुसता येत नाही. काळ्या लोकांपैकी शिकलेल्यांना आणि सैन्यात लढलेल्यांना मत मिळावे, असे त्याने त्यात जाहीरपणे म्हटले. ऐकणाऱ्यांत त्याचा मारेकरी होता. मधल्या सात वर्षांत त्याला बदलले ते सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिकांनी, पळून येणाऱ्या हजारो गुलामांनी आणि घटनांनी. एप्रिल १८६४ मधल्या एका पत्रात त्याने स्वतःच मान्य केले, की घटनांवर माझा ताबा होता असे मी म्हणत नाही. घटनांचा ताबा माझ्यावर होता.

आपल्या जोतीराव फुल्यांची मला इथे आठवण होते. १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध करताना त्यांनी ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल, अर्पण केली. लोकांना, एका लिंकनला नव्हे. पुण्यात बसून जोतीरावांनी जे ओळखले, ते आमच्या शाळांच्या भिंतींना अजून कळायचे आहे.

चरित्रकारांतही हा वाद लिंकन गेल्यापासून चालू आहे. १८६६ मध्येच हॉलंडने धर्मनिष्ठ, निष्कलंक लिंकन रंगवला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. विल्यम हर्नडन हा लिंकनचा वकिलीतला भागीदार. १८४४ पासून दोघांची एक कचेरी. लिंकन गेल्यावर त्याने जुन्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाठून आठवणी जमवल्या आणि १८८९ मध्ये तीन भागांत चरित्र काढले. त्यात लिंकनची उदासी होती, संसारातल्या कुरबुरी होत्या, धर्माविषयीच्या शंका होत्या. लोक संतापले. हर्नडनला त्यातून ना पैसा मिळाला ना मान. दोन वर्षांनी तो मेला. तोही अगदी निर्दोष नव्हता. तरुणपणीच्या एका प्रेमकथेला त्याने इतका रंग चढवला, की पुढच्या अभ्यासकांनी ती अनेक वर्षे संशयाने पाहिली. तरी आज लिंकनचे चरित्र लिहिणाऱ्याला हर्नडनच्या आठवणींवाचून पाऊल टाकता येत नाही. देवाचे चरित्र लिहिणाऱ्या हॉलंडकडे मात्र आता फारसे कोणी फिरकत नाही.

मराठीतही आपण चरित्रे बहुधा हॉलंडच्याच वाटेने लिहितो. ज्या घरात चरित्रनायकाची पूजा होते, त्या घरातल्या मुलाला वाटते, की आपण एकदा चुकलो, एकदा नापास झालो, एकदा भलत्याच्या बाजूने उभे राहिलो, की मोठेपणाचे दार कायमचे लागले. मॅट्सनचा खटला मुलांना सांगायचा तो यासाठी.

* * *

एवढे सगळे मी मुख्याध्यापकांना पुन्हा जाऊन सांगितले. त्यांनी या वेळी चष्मा पुसला नाही. म्हणाले, "चौकट काढायची नाही. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा."

चौकट काढावी असे माझेही म्हणणे नव्हते. मजकूर सुंदर आहे, आणि सुंदर मजकुराला निनावी राहण्याचा हक्क आहे. खालचे लिंकनचे नाव झाकले जाईल अशा बेताने मी एक चिठ्ठी चिकटवली : 'लेखक अज्ञात. मराठी रूप : वसंत बापट.' शेजारी दुसरी, लहान चौकट लावली. तीत लॅथमच्या पत्राचे मराठी भाषांतर आहे. ते मी केले नाही. पूर्वीच्या नववीच्या, आता दहावीत गेलेल्या वर्गाने केले. 'च' कुठे घालायचा यावर दोन तास वाद झाला. वर डाव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख त्या मागच्या बाकावरच्या मुलीने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिली आहे : स्प्रिंगफील्ड, २२ जुलै १८६०.

पावसाळ्यात आमच्या कचेरीची भिंत ओलावते. माझी चिठ्ठी दोनदा सुटून खाली पडली आणि लिंकनचे नाव पुन्हा उघडे पडले. दोन्ही वेळा मी खळ करून ती परत चिकटवली आहे.